कारवी आणि कुरिंजी

माझा जन्म १९४९ चा. पण आमच्या आजीला सन-सालाचं गणित मान्य नव्हतं. "कारवी फुलून गेली, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात तू झालास," असं ती सांगायची. थोरल्या काकांचं लग्न कारवीच्या वर्षातलं, विहिरीचं पाणी आटलं ते कारवीच्या आदल्या उन्हाळ्यात. आमच्या घराच्या आतल्या भिंतीही कारवीच्याच होत्या. कारव्यांचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप, आणि दर सणाला सारवण. जिथे लेप निघालेला असे तिथे बोट घालून आतली कारवी चाचपायचा मला नाद होता, आणि त्यापायी मार खाल्लेलाही आठवतो.

असो. आजीची आठवण आज निघाली ती दोन फुलझाडांच्या निमित्तानं. एक ही आपली कारवी. दुसरी तिची दक्षिणेतली बहीण, नीलकुरिंजी. दोघी एकाच कुळातल्या, एकाच गोत्रातल्या. दोघीही वर्षानुवर्षं गप्प राहतात, मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर जांभळा-निळा करून टाकतात, बी धरतात आणि मरून जातात. मात्र आज एकीचं नाव जागतिक यादीत आहे, कायद्यात आहे, पोस्टाच्या तिकिटावर आहे; आणि दुसरी टोमॅटोच्या वेलांना आधार म्हणून मोळीनं विकली जाते. हा फरक कसा पडला, याचा विचार मी गेली काही वर्षं करतो आहे. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. पण या विचारात माझा स्वतःचा एक जुना अपराध अडकलेला आहे, म्हणून लिहितो.

आधी दोघींची नीट ओळख करून देतो.

कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारावरचं दाट झुडूप, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं. उन्हाळ्यात पाहिलं तर नुसत्या वाळक्या काटक्या. पहिला पाऊस पडला की त्याच काटक्यांना मोठाली, हाताला खरखरीत लागणारी हिरवी पानं फुटतात. गुजरातेतल्या डांगापासून खाली कर्नाटकापर्यंत ती आहे, मध्य भारतातही आहे. आमच्याकडे सात वर्षांनी फुलते म्हणत. ठाणे-बोरिवलीच्या डोंगरात अलीकडचे बहर २००८, २०१६ आणि २०२४ चे, म्हणजे तिथे हिशेब आठाचा. डोंगर बदलला की वर्ष बदलतं. कासच्या पठारावर जी बुटकी, टोपलीसारखी गोल झुडपं दिसतात ती टोपली कारवी ही आणखी वेगळी जात. ती २०१६ आणि २०२३ साली फुलली.

नीलकुरिंजी त्यामानानं उंचावर राहणारी. समुद्रसपाटीपासून साधारण १३४० मीटरच्या वर, ते थेट २६०० मीटरपर्यंत. केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरचे मुन्नार, कोडाईकनालचे डोंगर, नीलगिरी, अशा ठिकाणच्या उघड्या गवताळ माळांवर ती वाढते. बारा वर्षांनी फुलते. मुन्नारकडच्या मुख्य बहराची वर्षं १८३८ पासून सांगितली जातात: १८५०, १८६२, १८७४ असं करत २००६ आणि २०१८. म्हणजे १६ बहर. पुढचा २०३० साली. नीलगिरी पर्वताचं नावच या फुलांच्या निळाईवरून पडलं असं सांगतात.

या दोघींचं शास्त्रीय बारसं करणारा माणूस एकच, हे वाचून मला फार मौज वाटली. त्याचं नाव नेस फॉन एसेनबेक. ब्रेस्लाऊ शहरातला जर्मन प्राध्यापक. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख वॉलिच यांनी भारतातल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ काढला, त्यातलं या कुळाचं प्रकरण नेसनं लिहिलं. १८३२ साली एकाच खंडात, एकमेकींपासून दोनच पानांच्या अंतरावर, या दोघींची वर्णनं छापली गेली. कारवीला त्यानं 'कॅलोसा' म्हटलं, म्हणजे खरखरीत, घट्टे पडलेली. कुरिंजीला कुंथ नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ 'कुंथियाना' म्हटलं. एकीला सन्मानाचं नाव आणि दुसरीला हाताच्या घट्ट्यांचं! पुढच्या दोनशे वर्षांत काय होणार याची जणू ती सूचनाच. पुढे म्हातारपणी, १८५१ साली, राजकीय मतांपायी नेसची प्राध्यापकी गेली, ही त्याची कथा वेगळीच.

मात्र एक गोष्ट कारवीच्या बाजूनं सांगितली पाहिजे. १९४४ साली ब्रेमेकाम्प नावाच्या डच शास्त्रज्ञानं या सगळ्या गोतावळ्याची नव्यानं मांडणी केली. तेव्हा कारवीसाठी त्यानं स्वतंत्र प्रजातीच केली आणि तिला नाव दिलं 'कार्विया'. आपल्या ठाकर-कोळ्यांच्या तोंडचा शब्द लॅटिन होऊन ग्रंथात बसला. आता शास्त्रज्ञ तिला पुन्हा जुन्याच 'स्ट्रोबिलँथिस' प्रजातीत घालतात, म्हणजे तो मानही टिकला नाही. पण काही काळ का होईना, मराठी शब्द तिथे होता.

आता खरा फरक. तो मला साहित्यात सापडला.

प्राचीन तमिळ कवितेत भूमीचे पाच भाग मानले आहेत: डोंगर, रान, शेतजमीन, समुद्रकिनारा आणि रखरखीत माळ. त्या प्रत्येक भागाला एकेका वनस्पतीचं नाव आहे. डोंगरी प्रदेशाचं नाव कुरिंजी. त्या प्रदेशाचा देव मुरुगन, तिथली वेळ मध्यरात्र, आणि तिथली भावना प्रेमिकांच्या मीलनाची. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कुणा कवीनं 'कुरिंजी' एवढाच शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या मनात डोंगर, थंडी, रात्र आणि भेट हे सगळं उभं राहत असे. कोडाईकनालला कुरिंजी आंडवर नावाचं मुरुगनाचं देऊळ आहे. ते तर १९३६ च्या सुमारास हिंदू धर्म स्वीकारलेल्या एका गोऱ्या बाईनं बांधलं. डोंगरातले पालियन आणि मुथुवन आदिवासी आपलं वय कुरिंजीच्या बहरावर मोजत, असंही सांगतात. हे वाचलं तेव्हा मला आजीच दिसली.

आणि आमची कारवी? मी मराठी साहित्य शिकलो आणि शिकवलं. मोगरा, प्राजक्त, बकुळ, चाफा, केवडा यांच्या ओळी मुलांकडून पाठ करून घेतल्या. पण एकाही इयत्तेच्या पुस्तकात कारवीचं फूल मुलांसमोर ठेवल्याचं मला आठवत नाही. कारवी आमच्या भिंतीत होती, कवितेत नव्हती. वस्तू उपयोगाची असली की आपण तिच्याकडे पाहत नाही. घरातल्या बाईसारखंच हे, असं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. मी मान हलवली.

नीलकुरिंजीचं नुकसान व्हायला लागलं ते कविता संपल्यावर, चहा आल्यावर. १८७४ च्या बहराला मुन्नारचे डोंगर जवळपास जसेच्या तसे होते. १८७७ साली मन्रो नावाच्या इंग्रजानं पूंजारच्या राजाकडून तो प्रदेश पट्ट्यानं घेतला. त्यानंतरचा प्रत्येक बहर आधीच्यापेक्षा थोड्या कमी जागेत झाला. नीलगिरीकडे त्याच्याही आधी, १८४० च्या दशकात, ऑस्ट्रेलियातून युकॅलिप्टस आला. मग वॉटल आला. इंग्रजांना गवताळ माळ म्हणजे रिकामी, वाया गेलेली जमीन वाटत होती. तिथे झाडं लावणं हे पुण्यकर्मच. नंतरच्या काळात आपल्या सरकारांनाही तसंच वाटलं आणि कागद कारखान्यांच्या लगद्यासाठी मैलच्या मैल लागवड झाली.

इथे भाषेचा शिक्षक म्हणून एक गोष्ट टोचते. त्या युकॅलिप्टसला आपण मराठीत काय म्हणतो? निलगिरी! सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब टाकतो ते निलगिरीचं तेल. ज्या फुलामुळे डोंगराला नीलगिरी म्हणू लागले असं सांगतात, त्या फुलाची जागा ज्या झाडानं घेतली, त्यालाच आपण डोंगराचं नाव देऊन मोकळे झालो. वर्गात मी शेकडो वेळा हा शब्द वापरला. एकदाही थांबलो नाही.

पण कुरिंजीला मोजणारी माणसं होती. १९३४ च्या बहराची हकीकत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३५ साली छापून आली. १९७१ साली केरळ सरकारनं कायदा करून मुन्नारच्या मळेवाल्यांकडची पडीक राहिलेली जमीन परत घेतली. त्यातलाच इरविकुलमचा उंच माळ, मळेवाल्या साहेबांची शिकारीची जागा, १९७५ साली अभयारण्य आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. तो खरा राखला नीलगिरी ताहर या रानबकऱ्यासाठी. त्याच्या पुण्याईनं कुरिंजीही राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून केरळातल्या फुलवेड्या माणसांनी कोडाईकनाल ते मुन्नार पदयात्रा काढल्या आणि फुलासाठी अभयारण्य मागितलं. २००६ चा बहर आला तेव्हा टपाल खात्यानं तिकीट काढलं, आणि त्याच वर्षी सुमारे ३२ चौरस किलोमीटरचं कुरिंजीमला अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतकऱ्यांच्या जमिनींचे वाद निघाले, सीमा आखणं वर्षानुवर्षं रखडलं. तरीही एका झुडपासाठी अभयारण्य, ही कल्पनाच किती मोठी!

त्याच २००६ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं मुन्नारला गेलो. पोहोचलो तोवर बहर उतरणीला लागला होता. इरविकुलमच्या उतारावर धुकं होतं, आणि त्यातून मधेच निळसर पट्टे दिसत. दगडी वाटेच्या दोन्ही बाजूंनी दोर बांधलेले, जागोजागी वनखात्याची माणसं. एका शाळकरी मुलानं फुलाला हात लावला तर पहारेकऱ्यानं लांबून शिट्टी वाजवली. माझ्या शेजारी उभी असलेली सौ. म्हणाली, "अहो, ही तर आपली कारवीच!" मी म्हणालो, "तिची बहीण." आणि का कोण जाणे, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं धुक्यानं. कारण मी तिला सांगितलं नव्हतं. ते आता सांगतो.

१९७७ साल. मी अठ्ठावीस वर्षांचा, डोंगरपायथ्याच्या एका गावात नव्यानं लागलेला शिक्षक. शाळेला एकच पक्की खोली, वर्ग मात्र चार. गावानं श्रमदानानं दोन खोल्या उभ्या करायचं ठरवलं. वासे मिळाले, कौलं मिळाली, भिंती कुडाच्या. त्या पावसाळ्यात आमच्या बाजूचा डोंगर फुलला होता. मधमाश्यांचा आवाज पायथ्यापर्यंत ऐकू येई. दिवाळी झाली, फुलं गळून गेली, झुडपं सुकायला लागली. मी मुलांना वर्गात समजावून सांगितलं, की ही वनस्पती एकदाच फुलते आणि मरते. तेव्हा आता ती मरणारच आहे, तर तिचा उपयोग करून घेणं शहाणपणाचं. आणि शाळेच्या सर्वांत जवळची सोंड आम्ही तोडायला घेतली.

वाडीवरचा एक म्हातारा ठाकर रोज आमच्यासाठी कोयते लावून द्यायचा. तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "गुरजी, वरसभर थांबा. बी पडू द्या. मंग तोडा."

मी हसलो. म्हणालो, "बाबा, मेलेलं झाड आज तोडलं काय आणि पुढल्या वर्षी तोडलं काय, सारखंच."

तो पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कोयते लावायलाही आला नाही. मला वाटलं, बरं नसेल.

आठ दिवसांत ती सोंड उघडी झाली. कारव्या सोलून, फांद्या छाटून भिंतींना लावल्या. उरलेल्या काटक्यांचा आणि सुकल्या बोंडांचा मोठा ढीग झाला. तो आम्ही मैदानात पेटवला. आणि त्यातून फटाक्यांच्या लडीसारखा तडतड तडतड आवाज सुरू झाला. पोरं टाळ्या पिटत, नाचत होती. दिवाळी पुन्हा आली म्हणत होती. मीही हसत होतो.

तो आवाज कसला, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. कारवीची बोंडं फुलल्यानंतर लगेच बी टाकत नाहीत. मेलेल्या काटकीवरच ती उन्हाळाभर वाळत राहतात. मग पावसाचा पहिला ओलावा लागला की तटकन फुटतात आणि बी लांब उडवतात. अख्खा डोंगर तेव्हा तडतडतो. म्हणजे झाड मेलेलं असतं, पण त्याचं काम संपलेलं नसतं. सात-आठ वर्षांची सगळी कमाई त्या बोंडांत असते. ती आम्ही मैदानात जाळली आणि टाळ्या वाजवल्या.

१९८४ साली आसपासचे डोंगर पुन्हा फुलले. आमची सोंड फुलली नाही. तिथे घाणेरी माजली होती, काही ठिकाणी नुसतं गवत, आणि पावसानं मातीला पडलेल्या घळी. सगळा दोष आमच्या कोयत्याचा असं मी म्हणणार नाही. वणवे लागत होते, गुरं चरत होती. पण त्या वर्षी सोंडेवर बी पडलं असतं, तर घाणेरीला रान मोकळं मिळालं नसतं, हे मला पटतं. तो ठाकर म्हातारा तोवर वारला होता. त्याला सांगायचं राहूनच गेलं की बाबा, तुझंच बरोबर होतं.

ही झाडं सगळी एकदमच का फुलतात, याचं शास्त्रज्ञांनी दिलेलं एक कारण असं: दरवर्षी थोडं थोडं बी पडलं तर उंदीर, पाखरं, किडे ते सगळं खाऊन टाकतील. पण बरीच वर्षं काहीच नाही आणि मग एकदम डोंगरभर बी, असं झालं की खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि तरी बी उरतं. यातून एक गोष्ट निघते, ती मला फार महत्त्वाची वाटते. डोंगरभर कारवी असेल तरच हा डाव साधतो. इथे चार झुडपं, तिथे दहा, असं तुकड्यातुकड्यांनी उरलं तर बी पडेल पण खाल्लंही जाईल. तेव्हा 'कारवी काय, पुष्कळ आहे' हे म्हणणं फसवं आहे. पुष्कळ असणं हीच तिची जगण्याची रीत आहे. पुष्कळपणा गेला की उरलेली कारवीही धोक्यात आली.

आता आजची स्थिती. जगातल्या जिवांची धोक्यानुसार यादी करणारी आय.यू.सी.एन. ही संघटना आहे. तिच्या पायऱ्या आहेत: असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, आणि शेवटी नामशेष. २०२४ साली नीलकुरिंजीची या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंद झाली. तिच्या राहण्याच्या जागेपैकी सुमारे ४० टक्के जागा चहा, लगद्याची झाडं आणि वस्त्या यांनी खाल्ल्याचा अंदाज त्यामागे आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्या तिसऱ्या अनुसूचीत, संरक्षित वनस्पतींमध्ये, नीलकुरिंजी आहे. ती उपटणं हा आता गुन्हा आहे.

त्या अनुसूचीत कारवी नाही. आणि ती नाही याबद्दल माझी तक्रारही नाही, हे स्पष्ट सांगतो. कारवी कायद्यानं बंद केली तर ज्यांच्या झोपडीच्या भिंती आजही कारवीच्या आहेत त्या कातकरी-ठाकरांवर पहिला खटला भरला जाईल. डोंगर पोखरून बंगल्यांचे प्लॉट पाडणारा सुटेल आणि मोळी आणणारी बाई सापडेल. पिढ्यान्‌पिढ्या कारवी तोडूनही ती टिकली, कारण तोडणाऱ्याला कधी तोडायचं हे ठाऊक होतं. बी पडल्यावर तोडलेली कारवी म्हणजे पिकलं पान. बी पडण्याआधी तोडलेली कारवी म्हणजे गर्भपात. झाड तेच, कोयता तोच, फरक फक्त एका पावसाळ्याचा.

म्हणून मला वाटतं, दोघींची गरज वेगळी आहे. कुरिंजीला जागा हवी आहे. तिचा माळ तिला परत मिळाला पाहिजे, तिथला वॉटल-युकॅलिप्टस हटला पाहिजे. कारवीला हवी आहे एका वर्षाची राखण. फुलल्यापासून पुढचा पाऊस पडेपर्यंत तिथे कोयता नको, वणवा नको, बुलडोझर नको. यादी आपल्याला सांगते की किती उरलं आहे. कधी हात लावायचा नाही, हे यादी सांगत नाही. ते सांगणारा माणूस आमच्या दारात कोयते लावायला येत होता, आणि मी बी.ए. असल्यामुळे त्याचं ऐकलं नाही.

कुरिंजीला माणसांनी गीतात घातलं, बहराची वर्षं टिपली, आणि त्यामुळे ती कमी होते आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं. कारवी नुसती वापरली. तिची वर्षं मोजणारी माझ्या आजीसारखी माणसं लिहिणारी नव्हती, आणि माझ्यासारखी लिहिणारी माणसं मोजणारी नव्हती. ज्या उताराची बहराची वर्षं कुणी लिहूनच ठेवली नाहीत, तिथला एक बहर चुकला तर तो चुकला हे तरी कुणाला कळणार?

२०१८ साली मुन्नारला पुन्हा जायचं आम्ही ठरवलं होतं. त्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, रस्ते वाहून गेले, आणि आमचं राहिलं. आता २०३० साली मी एक्याऐंशी वर्षांचा असेन. पाहू.

पण २०२४ च्या सप्टेंबरात लेकीकडे ठाण्याला होतो, तेव्हा नातीला घेऊन येऊरला गेलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवी फुललेली. जांभळ्या फुलांत माश्या घोंगावत होत्या. नात नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "आजोबा, परत कधी फुलणार?" मी म्हणालो, "२०३२ ला." तिनं बोटं मोजली. "तेव्हा मी सतरा वर्षांची असेन." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तुम्ही?" मी म्हणालो, "तू ये म्हणजे झालं."

२०२५ साली पाऊस फार लवकर आला. मे महिन्यातच, २६ तारखेला, मुंबईत मान्सून दाखल झाला. त्याच्या आसपास मी पुन्हा येऊरच्या त्याच वाटेवर गेलो, एकटाच. छत्री मिटून झुडपांजवळ उभा राहिलो. सगळं वाळकं, मेलेलं. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. मग उजवीकडे कुठेतरी तट्‌ असा आवाज झाला. मग आणखी एक. मग वरच्या अंगाला दोन-तीन.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मैदानात ऐकलेला तोच आवाज. या वेळी तो योग्य जागी होत होता.

घरी आल्यावर नातीच्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्याकडून लिहून घेतलं: 'येऊर. कारवी फुलली २००८, २०१६, २०२४. बी पडलं २०२५.' खाली एक ओळ मी माझ्या अक्षरात घातली आहे: 'बी पडेपर्यंत तोडू नये.' ती ओळ माझी नाही, त्या ठाकर बाबांची आहे. तुमच्याही घराजवळ कुठे कारवीचा डोंगर असेल, तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, ती शेवटची कधी फुलली होती. आणि ते साल कुठेतरी लिहून ठेवा.